सहावं ताट

मानवजातीचा इतिहास पहिल्या नंबरवाल्यांनी लिहिला असेल, पण तो घडवला आहे चौथ्या नंबरवाल्यांनी.

हे वाक्य मी चौदा एप्रिलच्या बक्षीस समारंभासाठी घासूनपुसून तयार ठेवलं होतं. ते म्हणून मी टाळ्यांसाठी थांबलो. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी माझ्या हातातला माइक अलगद काढून घेतला आणि जाहीर केलं, "बालवाडीच्या गेटसमोर एक पांढरी स्कूटर आडवी लावलेली आहे. जनरेटरची गाडी आत येत नाहीये. ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब काढावी." टाळ्या त्या वाक्याला पडल्या. स्कूटर माझी होती.

ती काढायला मी खाली उतरलो, तेव्हा स्टेजच्या एका बाजूला सहादू सत्कारासाठी उभा होता आणि समोर पहिल्या रांगेत लताबाई त्याच्याकडे अशा बघत होत्या की त्याचा सत्कार पोलिसांच्या बंदोबस्तात करावा की काय, असं वाटावं. हे नवराबायको. आणि त्या दिवशी सकाळी सहादू पहिला आला होता. भांडण त्याचंच होतं.

आमच्या नाशिकच्या उपनगर भागामागच्या तक्षशिला कॉलनीत दर जयंतीला सकाळी खेळ, दुपारी बक्षिसं आणि संध्याकाळी मिरवणूक असा क्रम असतो. खेळांत मानाचा खेळ स्लो सायकल. मैदानात फक्कीचे पट्टे आखायचे, प्रत्येकाने आपल्या पट्ट्यातून सायकल जितकी हळू नेता येईल तितकी न्यायची. पाय टेकला की बाद, पट्टा सोडला की बाद. सगळ्यांत जास्त वेळ जो सायकलवर टिकेल तो पहिला. उलट्या जगाचा खेळ आहे. म्हणूनच बहुधा मला त्याचा पंच करतात.

सहादू ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होता. जन्मभर आवाजाच्या पुढे पळणाऱ्या विमानांचे स्क्रू आवळले आणि निवृत्त झाल्यावर स्लो सायकलमध्ये नाव काढलं. नाव म्हणजे चौथा नंबर. दरवेळी चौथा. चौथ्याला उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून स्टीलचं ताट मिळायचं. भांडी बाजारातले एक दुकानदार ही ताटं द्यायचे. काठावर द्राक्षांच्या घडांची नक्षी. ती कुणी विकत घेत नव्हतं म्हणूनच ते देत होते, पण देताना हात सढळ. ताटाच्या बरोबर मधोमध मशिनने कोरून आणायचे: 'उत्तेजनार्थ'. त्यामुळे सहादूकडे जेवायला बसलं की भात संपत आला की खालून अक्षरं वर यायची आणि माणूस आणखी भात मागायचा.

अशी पाच ताटं त्यांच्या मांडणीवर ओळीने उभी होती.

या वर्षी मार्चच्या शेवटी लताबाई माझ्याकडे आल्या. हातात डबा, डब्यात शेव-भाजी. म्हणजे काम मोठं असणार.

"सर, यंदा पण तुम्हीच पंच ना?"

"हो."

"मग आमच्या ह्यांना पहिलं येऊ देऊ नका."

पंचाला लोक काय काय विनंत्या करतात ते मला ठाऊक आहे. पण ही माझ्या कारकिर्दीतली पहिलीच. मी त्यांना बसायला खुर्ची दिली.

"पहिला? सहादू? वहिनी, तो चौथा आहे. सूर्य पूर्वेला, सहादू चौथा."

"तीच तर काळजी," त्या म्हणाल्या. "नेहमीचा पहिला पुण्याला पोराकडं गेला. नेहमीच्या दुसऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता वर राहिला एकटा तिसरा, गेणू. म्हणजे हे काही न करता दुसरे. आणि गेणूला त्या दिवशी शिंक आली तर पहिले! मग मी काय करू?"

"कूलर घ्या. यंदा पहिलं बक्षीस कूलर आहे."

"कूलरमध्ये जेवायला वाढू का?"

मग सगळं कळलं. त्यांच्या चैतालीला बघायला जयंतीनंतरच्या रविवारी कळवणची मंडळी येणार होती. मुलगा आयुष शिक्षक, आईवडील शिक्षक, बरोबर काका, काकू आणि मामा. सहा माणसं. आणि ताटं पाच. दुकानदारांनी आधीच सांगून ठेवलं होतं की त्या नक्षीचा एकच नग गोदामात शिल्लक आहे, तो यंदा उत्तेजनार्थ देणार, पुढच्या वर्षापासून पाण्याची बाटली.

"मग सहा नवी ताटं घ्या ना विकत," मी म्हणालो.

मी मुलगी भाड्याने आणा म्हणालो असतो तर त्यांनी असंच पाहिलं असतं. "विकतच्या ताटात कुणी पण जेवतं, सर. ही जिंकलेली हायेत."

"बरं, पाच ही आणि एक साधं. मामाला साधं. मामा लोक जेवणाकडे बघतात, ताटाकडे नाही."

लताबाई थोडा वेळ डब्याच्या झाकणाशी खेळत राहिल्या.

"मी लहान असताना आईबरोबर कांदे निवडायला एका घरी जायचे. दुपारी घरची बाई जेवण द्यायची. बाई वाईट नव्हती हो. कालवण भरपूर वाढायची, वरून तेलसुद्धा. पण सगळ्यांची ताटं पितळी आणि आमचं जर्मनचं, अल्युमिनचं. गोठ्याच्या कुडाला खोचलेलं असायचं. आपणच काढायचं, जेवायचं, आपणच धुवायचं, परत तिथंच खोचायचं." त्यांनी झाकण लावलं. "मामा काही म्हणायचे नाय. पण एका माणसाला वेगळं ताट वाढलं ना, तर माझा घास उतरायचा नाय."

मला एक विनोद सुचलेला होता. तो मी चहाबरोबर गिळला.

"पण वहिनी, मी पंच आहे. चौथा मी ठरवत नाही. तो सायकल ठरवते."

"तुम्ही फक्त नीट बघा. चौथं कसं यायचं ते मी बघते."

आणि त्यांनी बघितलं! दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मैदानावर सराव सुरू झाला. जगात खेळाडू जिंकण्याचा सराव करतात. सहादू हरण्याचा करत होता. योजना साधी होती. सायकलवर चार जण उरले की लताबाई ताटावर उलथन्याने एक ठोका मारणार, एकच, आणि सहादूने पाय टेकायचा.

टण्ण! "टेका!"

सहादू टेकेना. तो सायकलवर तसाच झुलत उभा, पतंगाला वारा मिळावा तसा.

"अहो टेका ना! ऐकू येत नाय का?"

"अगं, शरीर ऐकत नाही. बॅलन्स सापडला की पाय खाली जात नाही."

"एवढी वर्षं कसा जात होता?"

"तेव्हा मी टेकत नव्हतो, पडत होतो."

"मग आजवर न शिकता पडला, आता शिकून पडा."

कॉलनीतली सगळी पोरंसोरं, म्हातारेकोतारे कठड्यावर बसून ही शिकवणी बघायचे. कॉलनीत कुणाला काही सांगावं लागत नाही, सगळ्यांना ते माहीतच असतं. फक्त गेणूला पूर्ण कारण माहीत नव्हतं. त्याने आपलं कारण काढलं. हा गेणू म्हणजे कायमचा तिसरा. पूर्वी सिन्नरच्या रस्त्याला जीप चालवायचा. सीट भरेपर्यंत 'निघालो, निघालो' म्हणत जीप जागच्या जागी अशी हलवत ठेवायचा की आतल्या माणसाला सिन्नर जवळ आल्यासारखं वाटायचं. स्लो सायकल त्याच्या रक्तातच. तिसऱ्याला भिंतीवरचं घड्याळ मिळतं. गेणूच्या घरात दर भिंतीवर एक घड्याळ आणि प्रत्येकात वेगळी वेळ.

"काय सहादूभाऊ," तो सायकलवरूनच म्हणाला, "यंदा बायकोने लय मनावर घेतलंय. पहिल्या नंबरचा इचार दिसतो."

"नाही रे. चौथाच बरा."

"बराच म्हणायचं. दुसरं काय म्हणणार?" आणि हसत, एक हात सोडून, अतिशय हळू, निघून गेला. इतका हळू की सहादूला तो अपमान बराच वेळ बघावा लागला.

सराव संपला की सहादू घामाघूम होऊन माझ्याजवळ टेकायचा. एकदा म्हणाला, "सर, एक सांगू का? इतकी वर्षं मी चौथा येतो, पण माझ्यासाठी कुणी ओरडलेलं नाही. पहिल्यासाठी ओरडतात, दुसऱ्यासाठी ओरडतात. चौथ्यापर्यंत लोकांचे घसे बसलेले असतात. ही पण कधी ओरडली नाही. ही ताटं मोजत असते." मग घाईने म्हणाला, "तक्रार नाही हां. आपलं सांगितलं."

चौदा एप्रिल उजाडला. सकाळपासून निळे झेंडे, रस्त्यावर पाणी मारलेलं, बुद्धवंदना झाली, खिरीची पातेली उतरली, आणि मैदानाभोवती सगळी कॉलनी तीन रांगांत. मिरवणुकीसाठी ठरवलेलं ढोलपथक सकाळीच येऊन बसलं होतं. नाशिकचा ढोलवाला रिकामा बसू शकत नाही. त्याच्या हातात टिपरू असलं की ते आपोआप हलतं. मी पथकप्रमुखाला म्हणालो, "स्पर्धा संपेपर्यंत जरा शांत." तो म्हणाला, "अगदी शांत, सर." हे वाक्य त्याने ढोल आवळता आवळता म्हटलं, तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

सात स्पर्धक. पट्ट्यांवर सायकली उभ्या. लताबाई बरोबर शेवटच्या रेषेजवळ, पदर खोचून, डाव्या हातात द्राक्षांचं ताट, उजव्या हातात उलथनं. टेबलावर बक्षिसं मांडलेली: कूलर, मिक्सर, घड्याळ आणि त्यांच्या आड, उन्हात चमकणारं, शेवटचं ताट.

मी शिट्टी फुंकली.

पहिला गेला सोमनाथ. गिअरची महागडी सायकल, डोक्यावर हेल्मेट, हातात मोजे. शिट्टी वाजताच सवयीने निघाला तो तीस फूट पुढे जाऊन थांबला आणि पाय टेकून मागे बघत म्हणाला, "सुरू झालं का?" कॉलनी हसून लोळली. त्याच्यामागे आणखी दोघे, एकाचं हँडल दुसऱ्याच्या पट्ट्यात गेलं आणि दोघंही एकमेकांची माफी मागत आडवे झाले.

चार उरले! गेणू, अश्विन म्हणून एक कुरिअरवाला, बालवाडीच्या उज्वला मॅडम आणि सहादू.

लताबाईंनी उलथनं उचललं. सगळी कॉलनी श्वास धरून. आणि नेमकं त्याच क्षणी, चार जण उरलेत हे बघून, ढोलपथकाला राहवलं नाही.

धाडधाड धाड! तीस ढोल, वर ताशा. मैदान हाललं. कठडा हालला. माझ्या तोंडातली शिट्टी हालली.

लताबाईंनी ठोका मारला. मला तो दिसला, ऐकू आला नाही. सहादूलाही नाही. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा. मग त्या थांबेचनात. ताट डोक्यावर धरून धडाधड ठोकायला लागल्या, टाचा उचलून, तोंडाने "टेका! टेका!" ओरडत. ढोलांत ते शब्द कुठले पोचायला! सहादूने मान किंचित वळवून पाहिलं. त्याला काय दिसलं? आपली बायको, भर मैदानात, साऱ्या कॉलनीसमोर, आपल्यासाठी ताट वाजवते आहे. उड्या मारते आहे!

त्याच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मी विसरणार नाही. पाठ सरळ झाली. पुढचं चाक थांबलं. मागचं थांबलं. सायकल जमिनीत पुरल्यासारखी उभी.

"अहो ऽऽऽ!" लताबाई किंचाळल्या.

सहादूने हसून मान हलवली. समजलं, समजलं!

आणि तेवढ्यात उज्वला मॅडमचा पाय टेकला. त्या पडल्या नाहीत, फक्त दमल्या. खाली उतरल्या आणि लाजून म्हणाल्या, "गेलं वाटतं माझं."

गेलं नव्हतं, मॅडम. मिळालं होतं. चौथा नंबर तुमचा.

लताबाईंचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी संतापाने ताटावर आणखी एक ठोका हाणला आणि त्यावर सहादूने जो काय दम धरला! अश्विन हसता हसता पट्ट्याबाहेर गेला. उरले दोघे. गेणू आणि सहादू, शेजारशेजारच्या पट्ट्यांत, खांद्याला खांदा, रेषा अजून हातभर लांब. आता पुढे कुणी सरकायचं नाही. गेणू जागच्या जागी हँडल डावीकडे-उजवीकडे करतो, जीपमध्ये करायचा तसा. सहादू तेवढंही करत नाही. कॉलनी दोन तट पडून ओरडते आहे. "गेणूभाऊ, धरून!" "सहादूकाका, हलू नका!" पहिल्यांदा. त्याच्या नावाने, पहिल्यांदा! एक म्हातारी तर चूल सोडून आल्यासारखी मधोमध येऊन उभी राहिली, तिला दोघांनी उचलून बाजूला नेलं. ढोल थांबले. आता फक्त सायकलींची करकर.

"सहादूभाऊ," गेणू दात आवळून म्हणाला, "टेका की. चौथाच बरा ना?"

"चौथा गेला," सहादू म्हणाला. "आता काय करू?"

गेणूला यावर हसू आलं. हसू आलं आणि तोल गेला.

मग काय झालं ते मी पंच म्हणून सांगू शकत नाही, कारण शिट्टी वाजवायच्या आधीच मला कुणीतरी खांद्यावर घेतलं होतं. बहुधा सहादू समजून. सहादूला दुसऱ्यांनी घेतलं होतं. गेणूलाही घेतलं होतं, त्याला मिक्सर मिळणार याचा आनंद त्याच्यापेक्षा त्याच्या बायकोला जास्त. आयुष्यात पहिल्यांदा घड्याळ नव्हतं.

सहादू खाली उतरला तो धावत लताबाईंपाशी आला. "बघितलंस? तू वाजवलंस म्हणून जमलं!"

"मी टेका म्हणत होते!"

"एक ठोका ठरला होता. तू थांबेचनास. मला वाटलं..." त्याचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तू खूष झालीस."

लताबाईंनी हातातल्या ताटाकडे बघितलं. ताटाला मधोमध खळगा पडला होता, नेमका 'उत्तेजनार्थ'वर. त्या पदराने तो पुसत राहिल्या, पुसून निघणार असल्यासारख्या.

मग शिष्टाई सुरू झाली. शिष्टाईला मला नेलं. लताबाईंनी उज्वला मॅडमपुढे प्रस्ताव ठेवला: आमचा कूलर घ्या, तुमचं ताट द्या. आजूबाजूला उभ्या लोकांनी हा व्यवहार ऐकून कपाळाला हात लावला. नवाकोरा कूलर, एप्रिल महिना, वर मे अख्खा बाकी!

उज्वला मॅडमनी टेबलावरचं ताट उचलून छातीशी धरलं. "लताताई, मी बालवाडीत पोरांना सारखी उत्तेजनार्थ पेन्सिल वाटते. पडलास तरी घे, रडलास तरी घे. मला शाळेपासून आजवर कुणी काही दिलं नव्हतं. हे पहिलंच." त्यांनी ताट उलटंसुलटं करून बघितलं. "कूलर काय, विकत मिळतो."

लताबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. विकतचं आणि जिंकलेलं, हे त्यांचंच वाक्य समोरून चालत आलं होतं, माणूस काय करणार?

"बरोबर हाय तुमचं," त्या म्हणाल्या, आणि मॅडमच्या पाठीवरून हात फिरवून परत फिरल्या. सहादूशी मात्र बोलल्या नाहीत. दुपारपर्यंत नाही.

म्हणून मी स्कूटर काढून धापा टाकत परत मंडपात आलो, तेव्हा तो सत्कार तसा नाजूक होता. जनरेटर आला होता, पंखे फिरत होते. प्रमुख पाहुण्यांनी कूलरचं प्रतीक म्हणून कूलरचं माहितीपुस्तक सहादूच्या हातात दिलं. फोटो निघाला. अध्यक्ष म्हणाले, "विजेत्याने दोन शब्द बोलावेत."

सहादूने माइक हातात घेतला. फिटर माणूस, पाच वर्षं चौथा, उभ्या जन्मात माइक पहिल्यांदा.

"जय भीम," तो म्हणाला.

"जय भीम!" मंडप.

"मी आज पहिला आलो. आजवर मला वाटायचं, पहिलं आल्यावर छाती भरून येत असेल." तो थांबला. "भरून आली. खोटं कशाला बोलू? लय भरून आली. माझ्या नावाने लोक ओरडले. घरच्यांनी ताट वाजवलं." इथे हशा. लताबाईंनी पदर तोंडाला लावला. हसू आलं होतं की काय, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. "पण पहिलं आल्यावर एक अडचण होते. मागच्या लोकांकडं काय आहे ते आपल्याकडं नसतं."

मागे कुणीतरी डोळे पुसले. माझं चौथ्या नंबरचं वाक्य याच्यापुढे फिकं होतं, हे मी मनात मान्य केलं आणि तिथेच सोडून दिलं. प्रमुख पाहुण्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं.

"आज साऱ्या कॉलनीसमोर उभा आहे," सहादूचा आवाज चढला, "तर समाजाकडं मला एकच मागणं मागायचं आहे!"

सगळे सरसावून बसले. ढोलवाल्यांनी टिपरी उचलली. कुणाला वाटलं, हा वाचनालय मागणार. अध्यक्षांना वाटलं, गटाराचा विषय काढणार, ते खुर्चीत जरा आडवे झाले. सहादूने पहिल्या रांगेकडे पाहिलं. लताबाईंकडे. मग त्यांच्यामागे दोन खुर्च्या सोडून बसलेल्या, मांडीवर ताट धरलेल्या बाईंकडे.

"उज्वला मॅडम," तो माइकमध्येच म्हणाला, "रविवारी दुपारी ते ताट जरा मिळेल का? मामा येणारेत. घासून परत देतो."